हिरूच्या घराची हाक

दिघ्याहून निघताना माझ्या भाचीने, रेखाने, मला दोन गोष्टी बजावल्या. उन्हात डोक्यावर पदर घे, आणि लोकांच्या गावात जाऊन मास्तरीण होऊ नकोस. पहिली मी पाळली. दुसरीचं काय झालं ते पुढे लिहितेच आहे.

आपल्या मंडळाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. गंगाखेडच्या खाली, आपल्या वाचनालयाच्या ओसरीवर बसायचं, आणि जो परगावी जाईल त्याने तिथल्या नदीकाठची एक गोष्ट घेऊन यायची, बदल्यात आपल्या गंगेची, गोदावरीची, एक देऊन यायची. उन्हाळ्यात मी भाचीकडे नवी मुंबईला आले तेव्हा वाटलं, यंदा हात हलवत परत जावं लागणार. रेखाच्या दारासमोर कारखान्याची भिंत, मागे डोंगर, आणि मधल्या जागेत घरावर घर. इथे कसली आलीय नदी? पण तिच्या ऑफिसातली सुनंदा एकदा जेवायला आली आणि सहज म्हणाली, "मावशी, आमच्या गावाला नदी पण हाय आणि खाडी पण. वैशाखातल्या अमावस्येला बांधाची पूजा असते. तुमी या ना."

सानपाडा स्टेशनाबाहेर सुनंदाने मला गाडीत घेतलं. पनवेलच्या अंगाला गेल्यावर हमरस्ता सोडून आम्ही आत वळलो. उंच इमारती मागे पडल्या म्हणेपर्यंत पुन्हा पुढे आल्या, आणि त्या दोन रांगांच्या मध्ये कुणीतरी विसरून गेल्यासारखं एक गाव निघालं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. तसं कबूल करून घेऊनच मला तिथे नेलं होतं.

गाडीतच सुनंदाने विषय काढला. "मावशी, गोदावरीचं काय ते बिनधास्त सांगा. पब्लिक ऐकेल. फक्त हिरूच्या घराबद्दल कोणाला काय विचारू नका. गेल्या वर्षी मारामारी व्हायची बाकी होती. सासऱ्यांना बीपी आहे, मला त्यांचं टेन्शन येतं."

"कोण हा हिरू?"

"तो कधीच गेला. त्याची सून आहे, गोमाबाय. आमच्या बाजूलाच राहते."

विचारू नका म्हटल्यावर माझं पोट दुखायला लागतं, हा माझा जुना आजार. तरी मी गप्प बसले.

सुनंदाचे सासरे जोमानाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पंचाहत्तरी उलटलेली, अंग काटक, आवाज मात्र खणखणीत. गावात हाक मारण्याचा मान त्यांच्या घराचा. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि बांध म्हणजे काय ते समजावलं. आपली गंगा एकाच दिशेला जाते. यांची नदी दिवसातून दोनदा माघारी फिरते. भरतीला खाडीचं खारं पाणी वर चढतं आणि भाताच्या शेतात घुसू पाहतं. ते अडवायला पूर्वजांनी हातांनी चिखल रचून बांध घातला. प्रत्येक घराला बांधाचा एक तुकडा वाटून दिलेला. रात्री-बेरात्री खांड (बांधाला पडलेलं भगदाड) पडली की नानांचा बाप घराघराच्या नावाने हाक मारायचा, आणि हाक आलेल्या घरातला माणूस चिखलाचं घमेलं घेऊन धावायचा. आता शेतं गेली, तिथे तिवरांचं, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचं, रान माजलं. पण वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, बांधावर जाऊन घरांची हाक अजून होते. ज्याची हाक येते तो "हाय" म्हणतो आणि चिखलाचा एक गोळा बांधावर ठेवतो.

"ज्याचा घर गावान उभा हाय, त्याचीच हाक," नाना म्हणाले. "घर परला का हाक बंद." परला म्हणजे पडला, त्यांच्या बोलीत असा र येतो.

न्याहारीला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण होतं. निवट्या म्हणजे चिखलात बेडकासारखा उड्या मारणारा मासा. मी ऐटीत पहिला घास घेतला आणि तिखटाने माझ्या डोळ्यांना धार लागली. सुनंदा पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली, "भाकर खा नुसती, बाय. पानी पिऊन आग वारते."

तीच गोमाबाय. तिच्या घराच्या भिंतीवर लाल रंगाने मोठी फुली मारलेली होती. आत भांडी पोत्यात बांधून ठेवलेली दिसत होती. मी उठून तिच्या ओट्यावर गेले. विचारायचं नाही असं ठरलं होतं, ऐकायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

"पोराने बिल्डरला दिला," ती म्हणाली. "पुढचे महिन्यान पारनार. मंग मी पोराकडं नेरुळला."

"म्हणजे यंदाची हाक शेवटची."

"कसली शेवटची? पयलीच झाली नाय अजून." आणि तिने कुठलीही रड न करता सगळं सांगितलं.

नदीच्या पलीकडच्या काठालाही गाव आहे, त्यांचाही बांध. उधाणाच्या पाण्याला कुठेतरी जायला वाट लागते. समोरचा बांध फुटला की पाणी तिकडे ओढलं जातं आणि अलीकडचा वाचतो. त्यामुळे दोन्ही गावं वर्षभर एकमेकांच्या लग्नांना जेवायची आणि उधाणाच्या रात्री समोरच्याचा बांध फुटू दे म्हणून देवीला नवस बोलायची. हिरू म्हणजे गोमाबायचा सासरा. त्याची मुलगी समोरच्या गावात दिलेली. एका उधाणात दोन्ही काठांना एकदमच चिरा पडल्या. इकडे हाक झाली, "हिरूचा घर." उत्तर आलं नाही. हिरू होडी घालून पलीकडे गेला होता आणि मुलीच्या सासरचा बांध भरत होता. तो बांध टिकला. इकडचा फुटला. गावाची भातशेती खारी झाली आणि कित्येक हंगाम नुसती पांढरी पडून राहिली. नानांच्या बापाने देवीसमोर सांगितलं, या घराला आता हाक नाही.

"मग सासऱ्यांचं चुकलं असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलंच.

गोमाबायने पदराने ओटा पुसला. "गावाचा वाईट झाला, ते खरा हाय. लोकांनी घरातली भांडी इकली तवां. पन पोरगी ती पोरगी. मी लगीन होऊन आली, पयले वर्षाला चिखल घेऊन गेली. मना कोनी सांगितलाच नव्हता. उभी रायली, उभी रायली, हाक आली नाय. चिखल घेऊन परत आली." जरा थांबून ती म्हणाली, "घर परायचे आधी एकदा मना ऐकायचा हाय. बस."

मी तिला काहीच वचन दिलं नाही. पण तिथून उठले ती बिनसलेल्या मनानेच.

ऊन चढायच्या बेताला आम्ही बांधावर निघालो. घराघरातून एक-दोन माणसं आली होती. जीनवाली पोरं, गळ्यात साखळ्या घातलेले बाप्ये, बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली एक मुलगी, आणि प्रत्येकाच्या हातात घमेल्यात नाही तर प्लास्टिकच्या पिशवीत नदीतला काळा चिखल. बांध जेमतेम दोघं चालतील एवढा रुंद. डावीकडे नदी, उजवीकडे तिवरं. वाटेत एके ठिकाणी बांध तुटलेला आहे. तिथे पूर्वी उघाडी होती, म्हणजे शेतातलं पाणी सोडायचं दार. ती ढासळली, आता त्या फटीवर सिमेंटचे दोन जुने खांब आडवे टाकलेत. खाली घोटाभर पाणी होतं. माझी एक चप्पल तिथेच चिखलाने गिळली. सुनंदाने ती उपटून काढली आणि सगळे हसले. तेवढंच काय ते हसणं.

कारण गोमाबाय मागे येत होती. हातात चिखलाचा गोळा. तिला पाहून बोलणी बंद पडली. माझ्या पुढे चालणाऱ्या प्रकाशने, धर्माच्या घरचा तो, मान वळवून पाहिलं आणि नुसता थुंकला. सुनंदाने माझा दंड दाबला.

बांधाच्या टोकाशी, नदी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते ते गावालाही सांगता येत नाही तिथे, नानांनी नारळ फोडला. मग मला बोलायला सांगितलं. मी गंगेची गोष्ट दिली. पूर ओसरल्यावर वाळूत टरबुजाच्या वाड्या कशा लागतात, रात्री कोल्हे येऊन नेमकं पिकलेलंच फळ कसं फोडतात. लोकांनी मान डोलावली, पण डोळे सगळ्यांचे गोमाबायवर. माझेही.

मग हाक सुरू झाली.

"पदाजीचा घर."

"हाय." एक माणूस पुढे झाला, गोळा ठेवला, टाचेने दाबला.

"बालारामचा घर."

"हाय."

पाणी चढत होतं. नाना पुढे पुढे जात होते. "चांगाचा घर," झालं. इथे पूर्वी हिरूचं घर यायचं. नानांचा आवाज क्षणभरही अडखळला नाही, बंद झालेल्या थांब्यावरून बस निघून जावी तसा पुढे गेला. "धर्माचा घर."

प्रकाशने "हाय" म्हणायच्या आत गोमाबाय पुढे आली. कुणाकडे न बघता तिने आपला गोळा बांधाच्या नदीकडच्या अंगाला ठेवला, टाचेने दाबला आणि बाजूला झाली.

"काकी, उचला तो," प्रकाश म्हणाला.

ती हलली नाही. तो वाकला.

"हात नको लावू." नाना होते. "बांधावं परलेली माती मानूस काढत नाय. पानी नेल तं नेल."

हा त्यांचा नियम. चिखल एकदा बांधाला लागला की तो कुणाचाही असो, त्याला हात लावायचा नाही. राहिलेली घरं भराभर उरकली. एरवी पूजा संपली की सगळे लगेच माघारी फिरतात म्हणे. त्या दिवशी कुणी फिरलं नाही. पाणी गोळा नेतं का, ते बघायला सगळं गाव उन्हात उभं राहिलं.

अमावस्येचं उधाण ते. पाणी इंचाइंचाने वर आलं. एक लाट गोळ्याला टेकली. दुसरीने कड ओली केली. मी बिनदेवाची बाई, पण त्या वेळी मनातल्या मनात पाण्याला विनवत होते. मग एका लाटेने अर्धा गोळा विरघळवून नेला. अर्धा राहिला.

"गेला," प्रकाश म्हणाला.

"हाय ना अजून, डोले फुटले का तुझे?" बँकेतली मुलगी म्हणाली.

झालं. गेला आणि राहिला यावरून दोन तट पडले. जुन्या सोयरिकी निघाल्या, जुन्या शिव्या निघाल्या. एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. नाना दोघांच्या मध्ये उभे, त्यांना कुणी जुमानेना. आणि हे सगळं चाललं असताना एक गोष्ट घडली, ती त्या लोकांच्या हातून घडावी याचं मला आजही नवल वाटतं. ज्यांच्या अंगात भरती-ओहोटी जन्मापासून मुरलेली, ते सगळे एका गोळ्याकडे बघत राहिले आणि पाठीमागचं पाणी विसरले.

सुनंदाचं लक्ष आधी गेलं. ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, उघाडी."

सगळे वळले. बांध तुटलेला होता तिथे खांब दिसत नव्हते. नदी आणि तिवरांचं रान यांच्यात एकच गढूळ पाणी पसरलं होतं.

भांडण जागच्या जागी विझलं. आम्ही तिथवर आलो. नानांनी पाण्याकडे पाहिलं, एक काटकी टाकली. ती जागच्या जागी फिरत राहिली. "पानी उभा हाय," ते म्हणाले. भरती संपलेली, ओहोटी लागायची आहे, असा थोडा वेळ असतो. ओहोटी लागली की रानात शिरलेलं सगळं पाणी या एकाच फटीतून नदीकडे ओढ घेणार, आणि कडेची भुसभुशीत माती आधीच सुटत होती. थांबायचं म्हटलं तर भर दुपारचं ऊन, सावली नाही, प्यायला पाणी नाही, आणि पायाखालचा बांध खचतोय.

नाना आधी उतरले. बांबूने खांब चाचपत, मांडीभर पाण्यातून पलीकडे गेले आणि वळले. "एका टायमाला एकच घर. हाक मारीन तवां उतरा. गर्दी केली तं खांब सरकंल."

"पदाजीचा घर."

"हाय."

दोघं हात धरून गेले. पुढचं घर, त्याच्या पुढचं. मी मागे उभी होते. मला पोहता येत नाही, हे मी रेखालाही सांगितलेलं नाही. चांगाचं घर पार झालं. नानांनी सवयीने पुढची हाक दिली. "धर्माचा घर."

गोमाबाय प्रकाशला वाट द्यायला बाजूला सरकली. तो जाताना म्हणाला, "काकी, चला आता, नाटका नको."

"मना हाक नाय आली."

एकेक घर गेलं. शेवटी नानांचं स्वतःचं, कारण हाक मारणाऱ्याचं घर शेवटी. सुनंदाने माझा हात ओढला. "मावशी, तुमी आमच्यात. चला लवकर." मला जायचं होतं. अगदी खरं सांगते, पाय उचललाही होता. पण गोमाबाय ज्या शांतपणे पाण्याकडे पाठ करून उभी होती, ते बघून मला आतून एवढा संताप आला की भीती त्याच्या खाली दबली. मी सुनंदाचा हात सोडवला आणि म्हातारीचं मनगट धरलं. सुनंदा रडत रडत पार गेली.

अलीकडे आम्ही दोघी. पलीकडे गाव. मधल्या पाण्यात एक प्लास्टिकची बाटली इतका वेळ नुसती डुलत होती. ती हळूहळू नदीच्या दिशेने निघाली. नानांनी ती पाहिली. मीही पाहिली.

"गोमाबाय, उतर," नाना म्हणाले.

"उतर म्हनजे हाक नाय."

तेव्हा माझ्या तोंडून वर्गातला आवाज निघाला, जो निवृत्तीनंतर मी कधी काढला नव्हता. "नाना, हजेरी अपुरी आहे. दोन माणसं इकडे आहेत."

"बाई, तुमाला म्हायीत नाय, आमचे बापसानं देवीसमोर..."

"पाणी ओढायला लागलंय," मी म्हटलं. "ते मला माहीत आहे."

पायाखालचं एक ढेकूळ सुटून पाण्यात पडलं. मग प्रकाशच म्हणाला, अगदी हळू, पण पाण्यावरून स्वच्छ ऐकू आलं. "नाना, मारा ना हाक."

नानांनी बांबू दोन्ही हातांनी धरला. मान खाली घातली. हाक मारली तेव्हा तो खणखणीत आवाज नव्हता, घसा बसलेल्या माणसाचा होता.

"हिरूचा घर."

गोमाबाय पाण्याकडे वळली. तिचं मनगट अजून माझ्या हातात होतं. ती म्हणाली, "हाय."

आम्ही उतरलो. खांब शेवाळलेला, पाणी मांडीपर्यंत, आणि ओढ अशी की साडी अंगावरून निघते की काय. मध्यावर माझा पाय घसरला. तिने मला धरलं, मी तिला नव्हे. पलीकडून प्रकाश पाण्यात उतरला आणि त्याने आम्हा दोघींना एकेका हाताने वर ओढलं. त्या गावात मी कुठल्या घरची म्हणून ते पाणी ओलांडलं असं कुणी विचारलं, तर मला उत्तर शोधावं लागणार नाही.

गाव जवळ आल्यावर नाना थांबले आणि गोमाबायला म्हणाले, "ती पान्यातली हाक व्हती. पूजेची नाय."

ती साडीचा काठ पिळत होती. "हाक ती हाक, नाना. आता परत कशी घ्याल?" एवढं बोलून ती आपल्या फुली मारलेल्या घरात गेली. नानाही आपल्या घरी गेले.

सुनंदाने मला सानपाड्याला सोडलं. वाटभर ती माझ्याशी बोलली नाही. उतरताना म्हणाली, "मावशी, परत या." राग गेला होता की नाही ते मला कळलं नाही. रेखाने ओल्या साडीकडे पाहून कपाळाला हात लावला. पुढच्या महिन्यात सुनंदाचा फोन आला, घर पाडलं, गोमाबाय नेरुळला गेली. नानांनी ती गोष्ट पुन्हा काढलेली नाही.

मंडळींनो, मी आणलेली गोष्ट ही. ती लिहिताना मला सारखा आपला पोळा आठवत होता. मारुतीच्या देवळापुढून बैल नेताना पाटील घराघराचं नाव पुकारतात, आणि बैल तोरणाखालून जातात. आमच्या वेशीबाहेरच्या वस्तीतले बैलही जातात, सगळ्यांच्या शेवटी, नाव न पुकारता. माझ्या वडिलांनी आयुष्यभर आपली जोडी तशीच नेली, शिंगं रंगवून, झूल घालून, मान खाली घालून. आता माझा भाऊ नेतो. ओसरीवर आपण सगळे एकत्र बसतो, चहा पितो, पण याबद्दल ना तुम्ही कधी काही विचारलंत, ना मी कधी सांगितलं. यंदा पोळ्याला मी देवळापुढे भावाच्या बैलांजवळ उभी राहणार आहे. आमच्या घराची हाक येईपर्यंत बैल हलणार नाहीत.